पंख फुटतात कुठून?

नमस्कार श्रोतेहो.

उडता घोडा कागदावर काढायचा म्हटलं तर पंख चटकन काढून होतात. खरी पंचाईत पुढे असते. हे पंख घोड्याला फुटले कुठून? पुढच्या पायांच्या खांद्याशी बसवावेत, तर दौडताना पंख पायांत येणार. थोडे मागे पाठीवर घ्यावेत, तर पंख मारायला लागणारा स्नायू तिथे नाही, शिवाय स्वाराच्या मांड्याही नेमक्या त्याच जागी. ज्या चित्रकारानं या जागेशी झटापट केली, त्याचा घोडा उडतो. ज्यानं ती जागा आयाळीखाली झाकून टाकली, त्याचा घोडा जमीन सोडत नाही, पंख कितीही देखणे असोत.

गेली कित्येक वर्षं मी अशा जागा शोधत हिंडते आहे. देवळांच्या खांबांवर, लेण्यांत, परदेशातल्या संग्रहालयात आणि आपल्या त्र्यंबकच्या पलीकडच्या गावांतसुद्धा. फॅन्टसी आर्ट म्हटलं की आग ओकणारे ड्रॅगन आणि चिलखतातल्या योद्ध्या बायका डोळ्यांपुढे येतात, आणि हा काहीतरी परका, पोरकट शौक आहे असं मोठ्या माणसांना वाटतं. मला तसं मुळीच वाटत नाही. जे जगात कुठेच नाही ते चित्रात उभं करायचं, तर जे जगात आहे ते इतर कुणापेक्षाही बारकाईनं पाहिलेलं असावं लागतं. हे मी चित्रं पाहता पाहता शिकले, आणि आज तुम्हाला सांगायचं आहे ते हेच.

माझ्या पिढीला ही गोडी लावली चांदोबानं. अंक हातात पडला की आधी विक्रम-वेताळाचं पान उघडायचं. हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती स्मशान. ते चित्र काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन. जन्म १९२४ चा, आणि अगदी अलीकडे, २०२० मध्ये ते गेले. मरणोत्तर पद्मश्रीही मिळाली त्यांना. लहानपणी मी वेताळाला घाबरायचे. मोठेपणी तेच चित्र पुन्हा पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की भीती वेताळाची नव्हतीच, ओझ्याची होती. राजाच्या चालण्यात त्या मढ्याचं वजन आहे. वजन खरं असल्यामुळे बाकीचं सगळं आपण मुकाट मान्य करतो.

पुढे मुंबईला मामाकडे जाणं व्हायचं. फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या थप्प्या लागलेल्या असत. तिथे फ्रँक फ्रॅझेटाची मुखपृष्ठं पहिल्यांदा हाताळली. पुस्तकं वाचायची नसायची, नुसती कव्हरं बघायची. हा माणूस न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा, १९२८ ते २०१०. त्याचे योद्धे कसलेले तर आहेतच, पण ते उभे राहतात कसे ते पाहा. भार एका पायावर, दुसऱ्या पायाची टाच किंचित उचललेली, जनावर झेप घ्यायच्या आधी दबतं तसं कमरेपाशी दबलेलं अंग. उतारवयात पक्षाघाताच्या झटक्यांनी त्याचा उजवा हात गेला, तर तो डाव्या हातानं रंगवायला शिकला. त्याचं मूळ चित्र मला अजून पाहायला मिळालेलं नाही. ते राहिलंय.

माझा भाचा पुण्यात व्हिडिओ गेमसाठी प्राणी, राक्षस, ओसाड शहरं काढतो. कॉन्सेप्ट आर्ट म्हणतात त्याच्या कामाला. आधी तो स्क्रीनवर आकार जुळवतो आणि मग तो प्राणी चालेल कसा, खाईल काय, बसेल कसा, याचे वेगळे कागद काढतो. एका सुट्टीत त्याला घेऊन मी सिन्नरला गोंदेश्वर पाहायला गेले. यादवांच्या काळातलं हे भूमिज शैलीचं, म्हणजे शिखरावर छोट्या शिखरांच्या रांगा चढत गेलेलं मंदिर. मधे महादेव, चार कोपऱ्यांत विष्णू, गणेश, पार्वती आणि सूर्य यांची छोटी देवळं, समोर स्वतंत्र नंदीमंडप. लोक शिखराकडे बघत प्रदक्षिणा घालतात. आमचे चिरंजीव मात्र गाभाऱ्याचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथल्या मकराच्या तोंडासमोर मांडी घालून बसले ते उठायलाच तयार होईनात.

मकर म्हणजे मगरीचा जबडा, हत्तीच्या सोंडेसारखा वर वळलेला ओठ आणि मागे माशाचं अंग. हे तीन प्राणी एकमेकांत कुठे मिसळतात ते दगडात बोटानं चाचपून बघण्यासारखं असतं. भाचा म्हणाला, "मावशी, हा जबडा मिटला तर मिटेल. दात एकमेकांवर आपटणार नाहीत. मला आमच्या ऑफिसात हेच सारखं सांगतात, आधी तोंड मिटवून दाखव." आठनऊशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटानं भाच्याच्या साहेबाचं समाधान केलं असतं, याचा मला कोण आनंद झाला!

देवळाच्या उंबरठ्यावर किंवा खांबांवर दिसणारं कीर्तिमुखही असंच. बटबटीत डोळे, आ वासलेलं तोंड, खाली धड नाहीच. त्याची पुराणकथा तुम्हाला ठाऊक असेल. राहूला खाण्यासाठी शंकरानं एक भुकेला जीव निर्माण केला. राहू शरण आला, त्याला अभय मिळालं, मग या जिवानं खावं काय? शंकर म्हणाले, स्वतःलाच खा. त्यानं पायापासून सुरुवात केली आणि तोंड तेवढं उरलं. देवळात त्याला मान मिळाला तो या आज्ञापालनामुळे. या प्राण्याला सांधाच नाही, कारण जोडायचं अंगच शिल्लक नाही. चित्रकाराची सगळ्यात मोठी अडचण एका कथेनं सोडवलेली आहे, आणि किती देखण्या रीतीनं!

थोडं ड्रॅगनविषयी. ज्यांची मुलं ड्रॅगन काढतात त्यांनी हे जरूर ऐकावं. ड्रॅगनचा पंख पक्ष्यासारखा नसतो, वटवाघळासारखा असतो. आणि वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हात. चार बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांबच लांब वाढलेली, त्यांच्यामध्ये ताणलेली कातडी, आणि वरच्या कडेला नखासकट मोकळा सुटलेला आंगठा. एखाद्या अंधाऱ्या लेण्यात टॉर्च वर न मारता, कडेच्या उजेडात ते लटकताना पाहा, आंगठा स्वच्छ दिसतो. आता पंख म्हणजे जर हात, तर चार पाय आणि दोन पंख असलेल्या ड्रॅगनला एकूण सहा अवयव झाले. पाठीचा कणा असलेल्या कुठल्याही प्राण्याला सहा हातपाय नाहीत. म्हणून आताचे पुष्कळ चित्रकार ड्रॅगनला दोनच पाय देतात आणि चालताना त्याला पंखांवर टेकवतात. इंग्रजीत अशा दोन पायांच्या ड्रॅगनला वायव्हर्न हे वेगळं नाव आहे. मला स्वतःला दोन पायांचा जास्त पटतो. भाच्याला चार पायांचा आवडतो, आणि तो खांद्याच्या दोन फऱ्या एकामागे एक बसवून दाखवतो.

आता पितळखोऱ्याला चला. कन्नड आणि चाळीसगावच्या मधल्या डोंगरात, गौताळ्याच्या जंगलात ही लेणी आहेत. अजिंठा-वेरूळच्या गर्दीतले लोक इकडे फारसे वळत नाहीत. वरून पायऱ्या उतरत दरीत जायचं, पावसाळ्यात शेजारून पाणी कोसळत असतं. दगड ठिसूळ, त्यामुळे पडझड पुष्कळ झाली आहे. पण जे उरलंय त्यात हत्तींची रांग आहे, द्वारपाल आहेत, आणि पंखांची जनावरं आहेत. सातवाहनांच्या काळातली! त्या वेळी आपल्या या सह्याद्रीत कुणीतरी उभं राहून जनावराला पंख कुठे फुटतील याचा विचार केला होता, हे मनात आलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

पितळखोऱ्यात सापडलेला एक यक्ष आता दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो पाहायला मी मुद्दाम गेले. ठेंगणा, गुबगुबीत, पोट सुटलेला, दोन्ही हात वर करून डोक्यावर भांडं तोलून धरलेला, आणि चेहऱ्यावर असं हसू की समोर उभा राहणारा प्रत्येक माणूस नकळत हसतो. मी बाजूला उभी राहून बराच वेळ लोकांचे चेहरेच पाहत होते. या यक्षाच्या हातावर कोरलेला लेख सांगतो, की ही मूर्ती कान्हदास नावाच्या सोनारानं केली. सोनारानं! हे कळल्यावर परत मूर्तीकडे वळले आणि दागिने पाहिले. गळ्यातलं, दंडातलं, कानातलं. दंडावरचा दागिना मांसात किती रुतावा, हे त्याला माहीत होतं, कारण त्याचा रोजचा धंदाच तो. यक्ष त्यानं कधी पाहिला नसणार. जाड दंडावर घट्ट बसलेली वाकी मात्र त्यानं पुष्कळ पाहिली होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कलाकाराचं नाव आणि व्यवसाय दोन्ही आपल्याला कळावेत, असं भाग्य क्वचितच लाभतं. पितळखोऱ्याला गेलात तर कान्हदासाचं नाव तिथे एकदा मोठ्यानं घ्या.

मुलगी शिकायला युरोपात होती, त्या निमित्तानं माद्रिदचं प्रादो संग्रहालय पाहता आलं. मी तिथे गेले ती एकाच चित्रासाठी. हिएरोनिमस बॉश हा नेदरलँड्सचा चित्रकार, १५१६ साली वारला. लाकडी फळ्यांवर रंगवलेलं, दोन दारं असलेल्या कपाटासारखं त्याचं एक भलं मोठं चित्र आहे, 'गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स' या नावानं जगाला ठाऊक असलेलं. मधली फळी एका उंच्यापुऱ्या माणसापेक्षाही मोठी. दारं मिटली की बाहेरून करड्या रंगात नुकतीच घडत असलेली पृथ्वी दिसते, आणि उघडली की आत डोळे दिपतात. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या संग्रहात ते होतं. प्रादोत फोटो काढू देत नाहीत. हे मला फार आवडलं. मोबाइल पर्समध्येच राहतो आणि माणूस नुसता बघत उभा राहतो.

उजव्या दारावर नरक आहे. त्यात एक वृक्षमानव आहे. धड म्हणजे फुटलेलं पोकळ अंडं, पाय म्हणजे झाडांचे बुंधे, आणि ते बुंधे दोन होड्यांत रोवलेले. त्याचा चेहरा मागे वळून आपल्याकडे बघतो. पक्ष्याच्या तोंडाचा एक राक्षस उंच खुर्चीत बसून माणसं गिळतोय, डोक्यावर त्याच्या हंडा. दोन प्रचंड कानांच्या मधून सुरी बाहेर आलेली. हे सगळं पुस्तकांत पाहिलेलं होतं. पुस्तकांनी सांगितलं नव्हतं ते मधल्या फळीवर दिसलं. तिथे माणसांपेक्षा मोठे पक्षी आहेत, आणि त्यात मला चक्क खंड्या दिसला! शेजारी हुदहुद, तुऱ्यासकट. आपल्या नांदूरमध्यमेश्वरला पाणथळीच्या कडेनं चालणारा कुणीही नाशिककर ते लगेच ओळखेल, इतके ते हुबेहूब आहेत. खंड्याचा निळा रंग, चोचीची लांबी, काही चुकलेलं नाही. ज्या हातानं वृक्षमानव काढला, त्याच हातानं आधी खंड्या इतक्या निष्ठेनं पाहिला होता. मी मुलीला ओढत ओढत तिथे आणलं आणि म्हटलं, बघ, हा आपला पक्षी. ती माझ्याकडे बघून हसली आणि मग ती पण तिथेच रमली.

उलटं काय होतं तेही सांगते. १५१५ साली गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगिजांना दिलेला एक गेंडा जहाजानं लिस्बनला पोचला. जर्मनीतल्या ड्यूरर या चित्रकारानं तो न पाहता, आलेल्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून त्याचं चित्र केलं. कातडीच्या घड्यांचं झालं चिलखत, आणि खांद्यापाशी आणखी एक छोटं शिंग उगवलं. खरा प्राणी नजरेआड राहिला आणि आपोआप काल्पनिक झाला. पण काय चित्र आहे ते! पुढे शतकानुशतकं युरोपला गेंडा असाच वाटत राहिला.

आता घरी येऊ. आपल्याकडे जन्मलेल्या फार मोठ्या कल्पनाचित्रकाराला आपण सिनेमावाला म्हणतो आणि थांबतो. दादासाहेब फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०. शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन. रविवर्म्याच्या छापखान्यात त्यांनी काम केलं. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि स्वतःचं नाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' म्हणून जादूचे प्रयोगही केले. चित्रकला, छपाई, फोटोग्राफी आणि जादू, चारही गोष्टी ज्याच्या बोटांत आहेत असा माणूस कॅमेऱ्यामागे उभा राहिला. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. सिनेमा सुरू होताना ती साध्या वेशात कॅमेऱ्यासमोर नाना तऱ्हेचे हावभाव करून दाखवते, आणि बघता बघता ती कृष्णरूपात विरघळत जाते. हा क्षण मला फार थोर वाटतो. आधी खरी मुलगी दाखवली, मग देव. पंख कुठून फुटले ते झाकलं नाही, उलट प्रेक्षकाला समोर बसवून दाखवलं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे हे आपल्याला माहीत असतं. तिथे गेल्यावर मुलांना फाळक्यांच्या या जादूगिरीचीही गोष्ट सांगा.

आणि बोहाडा. श्रोतेहो, हे मी शेवटी ठेवलं होतं, कारण इथवर सांगितलेलं सगळं एका रात्रीत, एका गावात पाहता येतं.

त्र्यंबक सोडून जव्हारच्या रस्त्याला लागलं की घाट उतरता उतरता आदिवासी पाडे सुरू होतात. उन्हाळ्यात या भागात बोहाडा होतो. रात्रभर एकामागून एक सोंगं निघतात. गणपती, शारदा, मारुती, रावण, नरसिंह, आणि शेवटी देवी आणि महिषासुर. संबळ वाजतो, पुढे मशाली, मधे सोंग. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे, ठसठशीत रंगांचे, पिढ्यान्‌पिढ्या घरांत जपलेले. कुठलं सोंग कुणी घ्यायचं याचे घराण्यांचे मान असतात.

मी गेले त्या रात्री ज्या ओटीवर रावणाला तयार करत होते, तिथे मला बसू दिलं. रावणाचा मुखवटा बघायला भव्य, तोलायला कठीण. मधल्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना डोकी, म्हणजे भार सगळा रुंदीत. आधी त्या तरुण माणसाच्या डोक्याला जुन्या लुगड्याची चुंबळ घट्ट गुंडाळली. मग दोघांनी मुखवटा उचलून चढवला, तिसऱ्यानं मागून दोरी आवळली, आणि मान नि मुखवटा यांच्यामधली फट रंगीत कापडानं भरून काढली. त्या फटीवर किती वेळ घालवला त्यांनी! एकदा बांधलं, सोडलं, परत बांधलं. माणूस संपतो आणि रावण सुरू होतो ती जागा तीच, आणि तिथे कातडी दिसून चालणार नव्हती. बाहेरचं त्याला जेमतेम एका भोकातून दिसत होतं. तो अंगणात उतरला, संबळ सुरू झाला, आणि तो भराभर पावलं टाकू लागला. तेवढ्यात ओटीवरून एक म्हातारे ओरडले, "अरं, जड टाक पाय! रावन हायेस तू!" पोरानं पाय जड केले. अख्खा पाय, टाच आधी. आणि त्या दहा डोक्यांचा भार एकदम जमिनीपर्यंत पोचला. माझ्या शेजारी बसलेलं लेकरू आईच्या पदरात शिरलं. फ्रॅझेटाच्या योद्ध्यात, शंकरांच्या विक्रमात जे मी पाहिलं होतं, ते त्या म्हाताऱ्या बाबांनी एका वाक्यात त्या पोराकडून करवून घेतलं.

बोहाडा बघायला जरूर जा, पण तो लोकांचा देवकार्याचा सोहळा आहे हे मनात ठेवून जा. फोटो काढण्याआधी विचारा. मुखवट्याला हात लावण्याआधी तर नक्कीच विचारा. आणि रात्रभर बसायची तयारी ठेवा, मध्यरात्री उठून आलात तर देवी-महिषासुर हुकतील.

भाच्याचं सध्या एका नव्या प्राण्यावर काम चाललंय. दलदलीत राहणारा, उंच, सडपातळ, माणसाचं धड आणि खाली पक्ष्याचे पाय. धड झालंय, पाय जमत नाहीयेत. पक्ष्याचा मागे वळलेला जो गुडघा आपल्याला दिसतो तो गुडघा नसतोच, तो घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. मग माणसाचं कंबरडं त्यावर बसवायचं कसं, यावर आमचे फोनवर वाद झडतायत. त्याचं म्हणणं मांडी आखूड करावी. माझं म्हणणं मांडी पिसांनी झाकू नये, दाखवावी. येत्या थंडीत तो नाशिकला येतोय. आम्ही दोघं वह्या, पेन्सिली आणि दुर्बीण घेऊन पहाटेच नांदूरमध्यमेश्वरला जाणार आहोत, चिखलातून पाय उचलताना करकोचा तो नेमका कुठून उचलतो ते बघायला.

नमस्कार.